दोन रंगांची एकच गोळी

अंबरनाथमधल्या माजी सैनिकांच्या दवाखान्यात मी फार्मासिस्ट आहे. आमच्याकडे खाटा नाहीत. माणसं सकाळी येतात, डॉक्टरांना दाखवतात, माझ्या खिडकीतून महिन्याभराची औषधं घेतात आणि घरी जातात. त्याआधी नऊ वर्षं मी उल्हासनगरात एका सिंधी शेटच्या मेडिकलवर होते. औषधं तिथे शिकले, आणि ती झपाझप द्यायलाही तिथेच शिकले. पाठीमागची रांग वाढू द्यायची नाही, ही सवय माझ्या हाताला तेव्हापासून लागली.

दोन वर्षांपूर्वी आमच्या डॉक्टरांनी मला मंगळवारी आणि शुक्रवारी खिडकीवरून मोकळं केलं. ते स्वतः लष्करातून निवृत्त झालेले, बोलायला कमी. आतल्या खोलीत एक टेबल आणि तीन खुर्च्या टाकून ते म्हणाले, "ज्यांना पाचापेक्षा जास्त औषधं चालू आहेत, त्यांना एकेक करून समोर बसव. घरात असतील तेवढ्या सगळ्या गोळ्या आणायला सांग. काय घेतात, कसं घेतात ते बघ आणि मला सांग."

मला वाटलं होतं, आठवड्याला दोन-चार जण येतील. पण त्या टेबलावर रिकाम्या झालेल्या पिशव्या बघून माझी झोप उडायची वेळ आली. मुदत संपलेले कफ सिरप, शेजाऱ्याने दिलेली गुडघ्याची गोळी, अर्धी पट्टी कशाची ते कुणालाच ठाऊक नाही. तरी ज्या माणसाबद्दल मी लिहिते आहे, त्यांची औषधं तशी नव्हती. ती अतिशय व्यवस्थित होती.

ते तोफखान्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. मूळ गाव बारवी धरणाच्या बाजूला, घरची भातशेती. आता मुलाने चिखलोलीला नव्या इमारतीत फ्लॅट घेतल्यामुळे दोघं नवरा-बायको त्याच्याकडे राहायला आले होते. पंच्याहत्तरीच्या पुढचं वय, पण शर्टाची इस्त्री मोडलेली मी कधी पाहिली नाही. दर महिन्याला खिडकीशी यायचे, कार्ड पुढे करायचे. मी काही सांगितलं की मान हलवून म्हणायचे, "हां जी. समजलं." कधी प्रश्न नाही, कधी तक्रार नाही. मी मनात त्यांना सगळ्यात सोपा पेशंट समजत असे.

दिवाळी झाल्यावर एका मंगळवारी डॉक्टरांनी मला त्यांच्या खोलीत बोलावलं. समोर हवालदारसाहेब, त्यांची बायको आणि मुलगा बसले होते. मुलगा चाळिशीचा, एका कारखान्यात सुपरवायझर. तो दमलेला दिसत होता.

"मॅडम, पप्पा परवा स्वतःची बिल्डिंगच विसरले," तो म्हणाला. "दूध आणायला गेले आणि दुसऱ्याच टॉवरच्या जिन्यात बसले होते. वॉचमनने फोन केला. अंगाला नुसता घाम. घरी आणलं तर माझ्यावरच भडकले. एवढ्या वर्षांत मला कधी शिवी दिली नव्हती त्यांनी."

डॉक्टरांनी त्यांच्या स्मरणशक्तीची साधी चाचणी घेतली होती. घोडा, खुर्ची, पेरू असे तीन शब्द सांगून थोड्या वेळाने परत विचारले, तर त्यांना एकही सांगता आला नाही. आज वार कोणता, असं विचारल्यावर म्हणाले, "चिखलोली." डॉक्टरांनी मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलची चिठ्ठी लिहून ठेवली होती. स्मृतिभ्रंशाची सुरुवात असावी, असं ते हळूच म्हणाले. मुलगा खाली बघत बसला. काकूंनी पदराने तोंड पुसलं.

"मुंबईला जायच्या आधी एकदा औषधं बघून घे," डॉक्टर मला म्हणाले. मी त्यांना शुक्रवारी सगळी औषधं घेऊन यायला सांगितलं.

शुक्रवारी मुलाची ड्युटी होती, म्हणून दोघंच रिक्षाने आले. मिठाईच्या रिकाम्या खोक्यात सगळ्या पट्ट्या रबर लावून ओळीने ठेवलेल्या. सोबत एक वही. वहीत रोजची तारीख, वेळ आणि घेतलेल्या गोळ्या, सुवाच्य अक्षरात. गोळ्यांची नावं इंग्रजीत अवघड जातात म्हणून त्यांनी रंग लिहिले होते. सकाळी साडेसात, नाश्त्याआधी: हिरवी एक, गुलाबी एक. नाश्त्यानंतर: पांढरी मोठी एक, पिवळी अर्धी. एकही दिवस चुकलेला नव्हता.

मी खोक्यातली हिरवी पट्टी काढली. मग गुलाबी काढली. दोन्ही उलट्या केल्या आणि मागची बारीक अक्षरं वाचली. कंपन्या वेगळ्या, नावं वेगळी, पण आतलं औषध एकच. मधुमेहाची, रक्तातली साखर खाली आणणारी गोळी. डॉक्टरांनी दिवसाला एक लिहिली होती. ते दोन घेत होते.

वही मागे चाळत गेले. मेच्या अखेरपर्यंत एकटी हिरवी होती, त्यानंतर गुलाबी सुरू झाली. आणि मला आठवलं. तेव्हा आमच्याकडे हिरव्या गोळीचा पुरवठा थांबला होता, त्याऐवजी दुसऱ्या कंपनीची गुलाबी आली होती. खिडकीतून मीच ती पट्टी दिली होती. "काका, ही जुनीच गोळी आहे, फक्त कंपनी बदलली," असं सांगितलंही होतं. ते म्हणाले होते, "हां जी. समजलं." गुलाबी पट्टीच्या पाकिटावरचं अक्षर माझंच होतं. सकाळी एक, नाश्त्याआधी. जुनी बंद करा, हे मी लिहिलं नव्हतं.

"काका, ही हिरवी तुम्हाला अजून कुठून मिळते?" मी विचारलं.

ते वहीची पानं सरळ करत राहिले. काकू म्हणाल्या, "तुमच्याकडं ती यायची बंद झाली ना, म्हून पोरगा बदलापूरहून आणतो. ह्यांनी रिकामी पट्टी दिली त्याच्याकडं, तशीच बघून आणतो तो."

इतक्यात हवालदारसाहेब एकदम खुर्ची मागे सारून उठायला लागले. "इथं कशाला बसवलंय मला? चल घरी!" ते बायकोवर ओरडले. त्यांच्या कपाळावर घामाचे थेंब होते आणि वही धरलेला हात थरथरत होता. साडेअकरा वाजले होते. "सकाळी काय खाल्लं यांनी?" मी काकूंना विचारलं. "निघायची घाई होती. चहा नि दोन बिस्किटं," त्या म्हणाल्या.

मी ड्रॉवरमधलं मशीन काढून त्यांच्या बोटातून थेंबभर रक्त घेतलं. साखर अठ्ठेचाळीस. दारातूनच डॉक्टरांना हाक मारली आणि पाण्यात ग्लुकोजची पावडर ढवळून पेला त्यांच्या ओठांना लावला. पहिला घोट त्यांनी माझ्या हातावर सांडला, मग निमूट पिऊ लागले. डॉक्टर आले, नाडी धरून शेजारी उभे राहिले. पंधरा मिनिटांनी साखर एकोणऐंशीवर आली. घाम सुकला होता. हवालदारसाहेबांनी आधी शर्टाची कॉलर नीट केली, मग माझ्या ओल्या बाहीकडे बघितलं आणि म्हणाले, "माफ करा मॅडम. मी सांडलं वाटतं."

मुलाने वर्णन केलेला माणूस बघता बघता गेला होता, आणि मी ओळखत होते तो समोर बसला होता.

डॉक्टरांनी हिरवी गोळी बंद केली. या गोळीचा अंमल बराच वेळ राहतो, साखर पुन्हा खाली जाऊ शकते, म्हणून त्यांनी दोघांना संध्याकाळपर्यंत दवाखान्यातच थांबवून घेतलं. दुपारी माझ्या डब्यातली पोळी-भाजी त्यांनी खाल्ली. मी दर तासाला साखर तपासत होते आणि मधल्या वेळात एकच विचार करत होते, की मी सांगितलेलं त्यांनी ऐकलं कसं नाही?

ते मी काकूंनाच विचारलं. त्या चकित झाल्या.

"आयकणार कसं? डाव्या कानानं त्यांना कायपन आयकू येत नाय. तोफेनं गेला तो कान. उजव्यानं थोडं येतं, पन गलबला असला का नाय येत. तुम्हाला ठावं नव्हतं?"

ठाऊक नव्हतं. आमच्या फाईलमध्ये साखर, रक्तदाब, गुडघे, डोळे सगळं होतं, कान नव्हते. मी खुर्ची उचलून त्यांच्या उजवीकडे नेली, जवळ बसले आणि सावकाश विचारलं, "काका, खिडकीवर मी जे बोलते ते तुम्हाला ऐकू येतं?"

"नाही," ते म्हणाले.

"मग हो का म्हणता?"

"मागे रांग असते मॅडम. किती वेळा विचारणार? पाकिटावर तुम्ही लिहून देता, त्याप्रमाणे घेतो. लिहिलेलं कधी चुकवलं नाही."

आणि खरंच चुकवलं नव्हतं. माझं लिहिणं अपुरं होतं, ते त्यांनी पूर्ण पाळलं होतं.

मी डॉक्टरांना जाऊन सगळं सांगितलं. मे महिन्यात गोळी मी बदलून दिली, जुनी थांबवायचं लिहिलं नाही, ऐकू आलं का याची खात्री केली नाही. डॉक्टर म्हणाले, "चाचणी घेताना मीही त्यांच्या डाव्या बाजूला बसलो होतो." मग त्यांनी मला नोंद करायला सांगितली, कशात काय चुकलं ते सगळं. संध्याकाळी मुलगा ड्युटीवरून थेट घ्यायला आला, तेव्हा मी डॉक्टरांसमोर तिघांना एकत्र बसवून तेच परत सांगितलं. तो चिडेल म्हणून मी तयार होते.

"म्हणजे पप्पांना तसलं काही नाही?"

डॉक्टर म्हणाले, "आज खात्रीने सांगत नाही. दोन आठवडे जाऊ देत. पण आशा आहे."

मुलाने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मग म्हणाला, "बदलापूरहून आणायचो मी ती गोळी. दर महिन्याला. संपायच्या आधी." काकूंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

मी हवालदारसाहेबांच्या उजव्या कानाशी वाकून म्हटलं, "काका, चूक माझी होती."

"रिपोर्ट केली?"

"केली."

"मग झालं," ते म्हणाले आणि खोक्याला रबर लावू लागले.

पुढचे दोन आठवडे मुलगा मला रोज साखरेचे आकडे फोनवर पाठवायचा. सकाळी उठल्याबरोबर मी आधी तेच बघत असे. पहिले दोन दिवस थोडी कमी, मग सरळ. घाम नाही, ओरडणं नाही. हवालदारसाहेब दूध आणायला निघाले की मुलगा आधी मागून गुपचूप जायचा, नंतर जायचा बंद झाला. कानाच्या डॉक्टरांनी मशीन दिलं. ते लावून हवालदारसाहेब पुन्हा आमच्या डॉक्टरांसमोर बसले, आणि या वेळी मी दाराशी उभी राहून ऐकत होते. तीन शब्द होते. तिन्ही आले, त्याच क्रमाने. वार विचारला, तर शुक्रवार म्हणाले आणि तारीखही सांगितली. डॉक्टरांच्या मागचं कॅलेंडर एक महिना मागे राहिलंय, हेही सांगितलं. डॉक्टर मोठ्याने हसले. त्यांना तसं हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

मुंबईची तारीख ठरलेली होती, ती डॉक्टरांनी रद्द करू दिली नाही. तिथल्या तज्ज्ञांनी तपासून वयाप्रमाणे थोडं विसरणं आहे, बाकी काही नाही, असं लिहून दिलं. मुलाने तो कागद मला दाखवायला आणला. मी उभ्याउभ्याच वाचला, मग परत पहिल्यापासून वाचला. त्या दिवशी घरी जाताना शहाडपर्यंत मी रिक्षात काहीही विचार न करता बसले होते. कितीतरी दिवसांनी डोकं असं रिकामं होतं.

आता गोळीचा रंग बदलला की मी पाकिटावर लाल पेनने लिहिते, जुनी बंद. माणसाला विचारते, मी काय सांगितलं ते मला सांगा. रांग थांबते. कुणी कुरकुरतं, त्याला मी बसायला सांगते. फाईलच्या पहिल्या पानावर आम्ही कानाचा रकाना घातला, आणि तोफखान्यातले आणखी किती जण नुसती मान हलवत होते ते मग कळलं.

परवा काकू एकट्याच औषधं न्यायला आल्या. नवी साडी, केसात अबोलीचा गजरा. "कुठे निघालात?" मी विचारलं.

"निघाले नाय, आले," त्या म्हणाल्या. "वांगणीला बहिणीकडं चार दिस राहून आले. सहा महिने ह्यांना सोडून हाललेच नव्हते ना मी. बहीण म्हणली, आजून दोन दिस राहा, पन म्हटलं आता जाते, पुढच्या म्हयन्यात परत येईन."

"आणि काका?"

"घरी हायत. सुनेला मेथी निवडून देतायत."

त्यांनी गोळ्या पिशवीत टाकल्या. मग मी न विचारताच, कोणती कधी द्यायची ते मला सगळं म्हणून दाखवलं आणि रिक्षा बघायला बाहेर गेल्या.