पौषाची बिअर आणि आमचे व्याही

ठाणे जिल्ह्यात हिवाळा पडतो तो ऋतुचक्राच्या नियमाने नव्हे, आमच्या व्याह्यांच्या आग्रहाने पडतो, असे माझे आता प्रामाणिक मत झाले आहे. दिवाळी सरते, सारे कल्याण पंख्याखाली घाम पुशीत बसलेले असते, आणि हे गृहस्थ लोकरी कानटोपी चढवून, गळ्याभोवती मफलर गुंडाळून, खाडीकडच्या गॅलरीत वाऱ्याची दिशा पाहत उभे असतात. ओला पंचा दांडीवर टाकायचा, तो किती लवकर वाळतो ते न्याहाळायचे, आणि एखाद्या सकाळी तो जरा झटकन वाळला की मला फोन करायचा: "शास्त्रीबुवा, आला!" मी इकडे ठाण्याच्या नौपाड्यात देवघरात घामाने निथळत बसलेला असतो. "अहो, आमच्याकडे पंखा चालू आहे," असे म्हणावे तर उत्तर तयार असते. "मग बंद करा. तुमच्यासारख्यांच्या पंख्यांमुळेच तो बिचारा इगतपुरीहून परत जातो." शेजारीपाजारी हसतात, त्यांची स्वतःची कन्या, म्हणजे माझी सून, कपाळावर हात मारून घेते, पण गंमत अशी की पुढच्या आठवड्यात पहाटे खरोखरच अंगावर पांघरूण ओढावे लागते, आणि त्याचे श्रेय कोणाला द्यावे याविषयी माझ्या मनात संशय उरत नाही.

हा हिवाळा त्यांना हवा असतो तो बिअरसाठी. आंबिवलीकडच्या एका कारखान्यात रसायनतज्ज्ञ म्हणून त्यांची हयात गेली. निवृत्त झाल्यावर माणसे तीर्थयात्रेला जातात, सोसायटीच्या निवडणुकीला उभी राहतात. हे माजिवड्याला जाऊन बिअर करू लागले. तिथल्या एका तरुणाने हमरस्त्यालगतच्या आपल्या वडिलार्जित जागेत ताजी बिअर करून तिथेच पाजण्याचे उपाहारगृह काढले होते, आणि त्याला टाक्यांपाशी बसणारा कोणी जाणता हवा होता. प्रथम ही वार्ता कानी आली तेव्हा मी भाबडेपणाने विचारले, "म्हणजे आपण आता दारू गाळणार?" ते दुखावले. "गाळतात ती हातभट्टी. बिअर आंबवतात. जवाला मोड आणायचे, वाळवायचे, भाजायचे, कढवायचे, आणि मग मुकाट्याने वाट पाहायची. तुमच्या इडलीत आणि माझ्या बिअरमध्ये फरक एवढाच, की इडलीला धीर कमी लागतो." त्या दिवसापासून मी इडलीकडे किंचित सावधपणे पाहतो. मी स्वतः मद्य घेत नाही, हे त्यांना ठाऊक आहे, आणि त्यांनी कधी आग्रहही केला नाही. उलट, न पिणारा श्रोता त्यांना अधिक मानवतो. पिणारा माणूस ऐकण्याऐवजी पितो, अशी त्यांची तक्रार आहे.

हिवाळ्याच्या प्रत्येक महिन्याची बिअर निराळी असली पाहिजे, हा त्यांचा सिद्धान्त; आणि महिने इंग्रजी नव्हेत, आपले. कार्तिकाची गव्हाची, धुकट रंगाची, तिच्यात धने आणि संत्र्याची वाळलेली साल. कारण तेव्हा थंडी नुसती दारात आलेली असते, तिला पाट मांडून बसवायचे असते. मार्गशीर्षाची तांबूस, तिच्यात काकवी. पौषाची काळीभोर, भाजलेल्या ज्वारीची, शेवटी सुंठ घातलेली. माघाची आंबट, बोरांची, जाणाऱ्या थंडीला निरोप देणारी. तीळ घालण्याचाही त्यांनी एकदा प्रयत्न केला होता. पण तिळाच्या तेलाने बिअरचा फेस बसतो, असे आढळले आणि ते सुतक असल्यासारखे घरात बसून राहिले. या चौघींत पौषाची त्यांची विशेष लाडकी. "पौषाला कोणी वाली नाही हो," ते म्हणत. "लग्न नाही, मुंज नाही, वास्तुशांत नाही. सगळ्यांनी टाकलेला महिना. त्याच्यासाठी एवढं तरी कोणी करावं की नाही?"

त्यांची जीभ हा आमच्या दोन्ही कुटुंबांत आदराचा आणि धास्तीचा विषय होता. मुलाच्या लग्नात त्यांनी मठ्ठ्याचा एक घोट घेतला आणि आचाऱ्याला बोलावून सर्वांसमक्ष सांगितले, की ताक उत्तम आहे, पण पाणी नळाचे नसून टँकरचे आहे. आचारी हात जोडून खाली बसला. बिअर मात्र ते जेमतेम आचमनाएवढी घेत. ती तोंडात घोळवून डोळे मिटीत, आणि मग न्यायाधीशाने निकाल द्यावा तसे एकेक शब्द सोडीत: "काकवी पुढे आली आहे. दोन दिवस थांबा." टाकी आंबू लागली, की तिच्यापाशी कोणाला मोठ्याने बोलू देत नसत. "हळू रे, दिवस गेलेत तिला," असे ते कामगारांना दटावीत, आणि ती दणकट माणसे खरोखरच चवड्यांवर चालू लागत.

गेल्या पावसाळ्यात त्यांना मोठा ताप आला. ताप उतरला, माणूस उठून हिंडूफिरू लागला, कानटोपी वेळेआधीच बाहेर आली. आम्ही समजलो, सारे पूर्ववत झाले. कार्तिकाची आणि मार्गशीर्षाची बिअर जुन्या सरावाने निभावली, पण पूर्वीसारखी गिऱ्हाइके मागेनात. मालक स्पष्टवक्ता. त्याने सांगून टाकले, "काका, पब्लिकला बाराही महिने आंब्याची पाहिजे. पौषाची चालली तर चालली. नायतर पुढच्या वर्षी हे महिन्याबिहिन्याचं बंद, सगळे नळ आंब्याला." व्याह्यांनी ते मला कानटोपी उतरवून सांगितले. "झाडाला अजून धड मोहोर नाही, आणि हा पोरगा आंबा पाजणार!"

धनुर्मास लागला त्या आठवड्यात मी त्यांना पहाटेच्या जेवणाला बोलावले. या महिन्यात सूर्योदयालाच देवाला मुगाची खिचडी, बाजरीची भाकरी आणि लोणी असा नैवेद्य दाखवून जेवण्याची आमच्या घरची रीत आहे, आणि पत्नी गेल्यापासून तो स्वयंपाक सोवळ्यात मीच करतो. व्याही आदल्या दिवशीच मुक्कामाला आले होते. मी खिचडीला फोडणी देत होतो, ते स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर पाट टाकून बसले होते. हिंगाची डबी उघडून मी ओट्याच्या दाराकडच्या कडेला ठेवली, त्यांच्यापासून हातभर अंतरावर. डबी उघडलेली दिसताच ते आपल्या जाणत्या सुरात म्हणाले, "वा, वेलची ताजी दिसते."

मी हातातला चमचा तसाच धरून उभा राहिलो. त्यांनी माझ्याकडे पाहिले, मग डबीकडे पाहिले.

"वेलची नव्हती ना?"

"हिंग आहे."

"अस्सं." त्यांनी गळ्याचा मफलर सोडून मांडीवर ठेवला. "तापानंतर गेलं सगळं. नाकही आणि जिभेचं निम्मंशिम्मंही. डॉक्टर म्हणतात, येईल, नाहीतर येणार नाही. पोरीला सांगू नका."

"आणि मालकाला?"

"त्याला तर मुळीच नाही. कळलं की तो दया दाखवील. म्हणेल, काका, बसा तुम्ही, आराम करा. शास्त्रीबुवा, दयेची बिअर मला करायची नाही. पौषाची मी करणार, आणि अशी करणार की त्याने आंबा विसरावा."

"पण चव कशी पाहणार?"

मी खिचडीत मीठ घातले, झाकण ठेवले. त्यांचे लक्ष माझ्या हाताकडे होते.

"तुम्ही चाखून नाही बघितलंत?"

"नैवेद्याचं आधी चाखत नाहीत."

"मग मीठ बरोबर पडलं हे कळतं कसं?"

मी यावर कधी विचार केला नव्हता. हाताला कळते, म्हणालो. चिमटीत ते जड लागते की हलके, हे कळते. खिचडी शिजत आली की तिचा आवाज भरदार होतो. भाकरीचे पीठ मळताना बोटांना चिकटेनासे झाले की पुरे. "पत्नीने आयुष्यभर असाच स्वयंपाक केला. देव जेवल्यावरच तिला कळे कसा झाला ते. कधी चुकेही. तेव्हा म्हणे, आज देवाने सांभाळून घेतलं."

व्याही उठून उभे राहिले. पहाटेच्या त्या अपुऱ्या उजेडातही त्यांचा चेहरा मला स्पष्ट दिसला. कारखान्यातली एखादी अडलेली प्रक्रिया सुटल्यावर तो असाच होत असावा. देवाला नैवेद्य दाखवेपर्यंत ते जेमतेम थांबले, खिचडीची चव लागत नसूनही पोटभर जेवले, आणि तडक माजिवड्याची बस धरली.

त्यानंतर त्यांनी तिथे जे मांडले ते ऐकून मी चकित झालो. ज्वारी भाजताना ते भट्टीला कान लावून बसत आणि दाण्यांच्या तडतडण्यावरून आच कमी करीत. ज्वारीचा कढवलेला रस बोटांत चोळून त्याचा चिकटपणा पाहत, उजेडात धरून रंग बघत. सुंठ चिमटीने घातली. आणि कोणी चाखायला चमचा पुढे केला, की हात आडवा घालीत: "खबरदार! ही पौषाची टाकी नैवेद्य आहे. उघडेपर्यंत कोणी तोंड लावायचं नाही. मीही नाही, तुम्हीही नाही. शास्त्रीबुवांनी सांगितलंय."

हे शेवटचे वाक्य मला कसे कळले, ते सांगतो. एका सकाळी माझ्या दारात माजिवड्याचा मालक उभा. हातात नारळ आणि पेढ्यांचा पुडा. त्याने वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, "गुरुजी, काका बोलले, टाकी नैवेद्याची आहे. मी बोललो, ठीक आहे, कोण हात नाय लावणार. पण उघडायची कधी? आमची आई बोलते, पौषात मुहूर्तच नसतो. तुम्हीच काय तो बघून द्या ना."

आतून सूनबाई बाहेर आली. सारा प्रकार ऐकून तिने वडिलांना तिथूनच फोन लावला. "बाबा, तू माझ्या सासऱ्यांना बिअरचे भटजी केलंस! लाज वाटते का काही?"

उभ्या जन्मात मी अनेक मुहूर्त काढले आहेत, पण असा अवघड प्रश्न माझ्यापुढे कधी आला नव्हता. असत्य बोलणे मला शक्य नव्हते, आणि मित्राचा विश्वास मोडणेही. अखेर मी मालकाला म्हणालो, "बाबा रे, आमच्या घरी नैवेद्य दाखवण्याआधी चाखत नाहीत, एवढं मात्र खरं आहे. बाकी टाकीविषयी मला काही कळत नाही. भोगीला लोक भाकरी-भाजी जेवून मोकळे झालेले असतात. त्या संध्याकाळी उघड." नारळ मी ठेवून घेतला. पेढे परत करायचे होते, तोवर नातवाने पुडा फोडला होता.

भोगीच्या संध्याकाळी सूनबाईने मला गाडीतून माजिवड्याला नेले. माझ्यापुढे कोकम सरबत आले. व्याही कानटोपी घालून टाकीपाशी उभे होते, आणि त्यांचे हात पाठीमागे एकमेकांत घट्ट अडकलेले होते. मालकाने नळ सोडला. काळ्याभोर बिअरवर भाजक्या रंगाचा दाट फेस चढला. त्याने एक मोठा घोट घेतला, थांबला, दुसरा घेतला. मग भुवया आक्रसून म्हणाला, "काका, सुंठ जास्त झाली. घसा धरते. तुम्हाला नाय लागली?"

'नाही' म्हणून ते वेळ मारून नेऊ शकले असते. नैवेद्याचे कारण अजून हाताशी होते. त्यांनी माझ्याकडे पाहिले, मग त्याच्याकडे.

"मला काहीच लागत नाही. पावसाळ्यापासून. नाक गेलंय माझं."

सूनबाईने पुढे होऊन त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "तरीच," ती म्हणाली, "परवा माझी करपलेली पोळी मिटक्या मारत खाल्लीस." एरवी तिचा आवाज असा ओला होत नाही.

मालक त्यांच्याकडे बघत राहिला. मला वाटले, आता येणार. ज्या दयेला हे भीत होते, ती आता येणार. पण तो भडकला. "मग काका, वजन करून टाकायची ना सुंठ! केमिस्ट ना तुम्ही? काटा कशाला ठेवलाय तिथं? चिमटीनं टाकतात का कोण एवढ्या मोठ्या टाकीत? पुढच्या पौषात असं केलंत ना, तर बघा! आणि नाक गेलं तर मला सांगायचं. माझं आहे ना नाक." एवढे बोलून त्याने तिसरा घोट घेतला आणि पेला खाली न ठेवताच गिऱ्हाइकांकडे वळून ओरडला, "पौषाची आली रे! जरा कडक आहे, सांभाळून घ्या."

व्याह्यांना कोणी भर दालनात असे झापल्याचे मी प्रथमच पाहत होतो, आणि झापून घेताना माणूस इतका उजळलेलाही प्रथमच पाहत होतो. पुढच्या पौषाचा उल्लेख त्यांनी बरोबर टिपला होता. लोकांनी बिअर मागितली, काहींनी सुंठीने खोकत पुन्हा मागितली. टाकीशेजारी खुर्च्या टाकून व्याही आणि मी अंधार पडेपर्यंत नुसते पिणाऱ्यांकडे बघत बसलो. व्याह्यांच्या हातातही एक पेला होता. अधूनमधून ते तो नाकाशी नेत, जरा वाट पाहत, आणि खाली आणीत.

सूनबाई गाडी आणायला गेली तेव्हा आम्ही दारात उभे होतो. घोडबंदरच्या बाजूने वारा सुटला होता आणि तो खरोखरच गार होता. हलक्या आवाजात व्याह्यांनी विचारले, "शास्त्रीबुवा, तो कोपऱ्यातल्या टेबलावरचा माणूस. घोट घेतल्यावर त्याने डोळे मिटले, पाहिलंत का तुम्ही?"

"पाहिलं."

गाडीचे दिवे वळणावर दिसू लागले होते.

"मिटले होते ना?" त्यांनी पुन्हा विचारले.