साळवेकाकांचं पिवळं कार्ड

दर महिन्याच्या एक तारखेला सकाळी आमच्या दाराच्या कडीवर लोखंड वाजायचं. टक, टक, टक. हाताने दार वाजवलं तर वेगळा आवाज येतो. हा आवाज आमच्या गल्लीत सगळ्यांना पाठ होता. आई चुलीपुढूनच म्हणायची, "आलं बघा कंडक्टर!" आणि बाहेरून उत्तर यायचं, "चला, तिकीट बोला तिकीट! पुढं सरका, मागं मानसं लोंबाकळत्यात!"

शांतवन साळवे एस.टी.त कंडक्टर होते. गुडघा गेला म्हणून त्यांनी मुदतीआधीच नोकरी सोडली आणि फंडाचे सगळे पैसे घालून पाथर्डीच्या आमच्या भागात केबल टीव्ही सुरू केला. घराच्या पत्र्यावर मोठी डिश, आतल्या खोलीत टेबलावर यंत्रं, आणि तिथून खांबाखांबावरून एकशे बारा घरांत गेलेली काळी वायर. नोकरीतली एकच वस्तू त्यांच्याकडे उरली होती, ती म्हणजे तिकिटाला भोक पाडायचा पंच. तो मोडीत निघाला होता, म्हणून मागून घेतला, असं ते सांगत.

जूनमध्ये ते प्रत्येक घराला एक पिवळं कार्ड देत. त्यावर जून ते मे असे बारा चौकोन. महिन्याचे साठ रुपये दिले की त्या चौकोनात पंचाने भोक पडायचं. मागच्या बाजूला त्यांच्या वळणदार अक्षरात लिहिलेलं असे: 'वर्षभर दर बदलणार नाही. शां. साळवे.' वर्ष जूनपासून धरायचं कारण साधं होतं. आमच्याकडची पुष्कळ घरं दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्यात परततात. जूनला सगळी घरं उघडी असायची. ज्या घराला कुलूप, त्याच्या चौकोनात साळवेकाका नुसती शाईची रेघ मारत. त्या महिन्याचे पैसे नाहीत.

"रिकाम्या शिटाचं तिकीट कोन फाडतं का?" ते म्हणत.

मी तेव्हा बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होते. आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच. अण्णा मार्केट यार्डात हमाली करायचे, आई ब्लाउज शिवायची. कॉलेजात मला फारसं बोलता येत नसे. वर्गात हात वर करायचा म्हटलं तरी घाम फुटायचा. पण साळवेकाकांपुढे मी बोलायचे, कारण ते ऐकायचे. माझ्या पुस्तकांवरून हात फिरवून विचारायचे, "काय म्हनतंय कॉलेज? आज काय शिकवलं त्ये सांग. मी सातवी नापास, मला फुकटात डिग्री व्हईल."

त्यांची एक गोष्ट मी बऱ्याचदा ऐकली होती. ते नाशिकहून पाथर्डीला येत होते आणि वाटेत नगरच्या स्टँडवर कळलं की भाडं वाढलं, आतापासून नवा दर. ड्रायव्हर म्हणाला, "साळवे, बसलेल्यांकडनंबी फरक घेऊन टाक. कोन इचारतंय?" साळवेकाकांनी नव्याने चढलेल्यांना नवा दर लावला, बसलेल्यांना हात लावला नाही. एका म्हातारीने ऐकलं होतं, ती कनवटीचे पैसे काढून बसली होती. "म्या तिला म्हनलं, आजी, ठिव त्ये. एकदा तिकीट फाडलं की शेवटच्या थांब्यापत्तुर त्येच." हे सांगताना ते पंच हवेत वाजवायचे.

त्या वर्षी दसऱ्याच्या सुमाराला चांगली चॅनेलं एकेक करून बंद व्हायला लागली. पडद्यावर नुसत्या मुंग्या. ती आता फुकट मिळणार नव्हती. नगरला एक शेठ होते, त्यांच्याकडून ती चॅनेलं उघडणारे डबे घ्यायचे आणि जितकी घरं असतील तितक्या घरांचे पैसे दर महिन्याला भरायचे. शेठचा माणूस कागद घेऊन आला तेव्हा मी काकांच्या ओट्यावरच बसले होते.

"किती घरं लिहू?" त्याने विचारलं.

"एकशे बारा."

तो हसला. "अहो काका, किती हायेत ते नाही विचारलं. किती दाखवायची?"

"म्हंजे?"

"सगळे निम्मीच दाखवतात. आम्हीबी समजून घेतो."

"गाडीत बावन्न मानसं आसली तर येबिलावर बावन्नच लिवतो आमी," काका म्हणाले. "एकशे बारा लिव्हा."

वेबिल म्हणजे कंडक्टरचा हिशेबाचा कागद, हे त्या माणसाला माहीत नसावं. त्याने खांदे उडवले आणि एकशे बारा लिहिले. दोन आठवड्यांनी ऊसतोडीचे ट्रक आले. भांडी, कोंबड्या, लेकरं घेऊन तीसेक घरं निघून गेली. काकांनी त्यांच्या चौकोनात नेहमीसारख्या रेघा मारल्या आणि नगरला निरोप धाडला की आता ब्याऐंशी घरं धरा. उत्तर आलं की एकदा लिहून दिलेला आकडा कमी होत नाही.

आकडा कमी होत नव्हता, पण दर वाढू शकत होता. डिसेंबरात शेठकडून एक चिठ्ठी आली. वर्षाचा म्हणून ठरलेला दर जवळजवळ दीडपट झाला होता. कारण एवढंच, की वरूनच वाढलंय.

दुसऱ्या दिवशी काका आमच्याकडे आले ते पंच न वाजवता. हातात कोरे कागद होते. "तुझं अक्षर चांगलंय. एक नोटीस लिव्हून दे. पुढल्या म्हैन्यापासनं पंच्याऐंशी. लिव्ह, सर्व ग्राहकांस कळविण्यात येते की... पुढचं तुझं तू चांगलं घाल."

मी पहिली ओळ लिहिली आणि थांबले.

"काका, एक बोलू का?"

"बोल की. बोलन्याला आजून दर न्हाई लावला कुनी."

"कार्डावर तर तुम्ही वर्षभर लिहिलंय. आम्हाला शिकवलंय की करार एकदा झाला की एका बाजूने तो बदलता येत नाही. दुसऱ्याने हो म्हणावं लागतं."

"आन् नगरवाल्यानं माझ्यासंगं त्येच केलं त्याचं काय?"

"तेही चूकच आहे."

"चूक हाय. पर त्याच्याम्होरं मी पाशिंजर, आन् तुमच्याम्होरं मी शेठ." ते गुडघा चोळत बसले. मग हळू आवाजात म्हणाले, "म्हंजे त्यानं मला लाथ घातली म्हनून मी तुमाला घालायची."

मी तेव्हा गप्प बसायला हवं होतं का? मला अजून ठरवता येत नाही. पण मला वर्गात कधी न मिळालेली हिंमत त्या दिवशी आली होती. मी म्हणाले, "तुम्हीच सांगता ना, नाशिकच्या गाडीतल्या आजींचं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. कागद माझ्या हातातून घेतला, त्याची चौकोनी घडी घातली आणि खिशात ठेवला. "बरोबर हाय, वकीलीनबाई. तिकीट फाडलंय मी. मेपत्तुर साठच." आणि ते लंगडत निघून गेले. मला त्या दिवशी फार अभिमान वाटला. आपल्या शिक्षणाचा कुणाला तरी उपयोग झाला असं वाटलं.

उपयोग कसा झाला ते पुढच्या महिन्यांत दिसत गेलं. आधी त्यांची लुना गेली. मग ते पाठीवर वायरचं भेंडोळं घेऊन चालत दुरुस्तीला जाऊ लागले. खांबावर चढायला ठेवलेला माणूस त्यांनी बंद केला आणि तसल्या गुडघ्याने स्वतः शिडी चढू लागले. रत्नाकाकू, म्हणजे त्यांची बायको, चर्चच्या बालवाडीत खिचडी शिजवायच्या. घर त्या पगारावर आलं. एकदा नळावर त्या मला म्हणाल्या, "तुझ्या कायद्याला यक दिवस आमच्याकडं जेवायला धाड बाई. बघू तरी काय खातोय." बाकीच्या बायका हसल्या. काकू हसल्या नाहीत.

मार्चच्या मध्यावर दुसरी केबल आली. नगरच्याच एका बड्या माणसाचा पैसा होता. पांढरी नवी वायर, मोटारसायकलवरची चार पोरं, आणि बोली अशी की तीन महिने फुकट, नंतर चाळीस रुपये. आठवडाभरात अर्ध्या गल्लीवर पांढरी वायर आली. ज्यांच्यासाठी काकांनी दर वाढवला नव्हता, तीच ही घरं.

आमच्याकडेही ती पोरं आली. अण्णा यार्डातून नुकतेच आले होते, पाठीला मीठपाण्याचा शेक घेत बसले होते.

"घेऊ का गं?" त्यांनी आईला विचारलं. "फुकाट म्हनत्यात."

"साळवेभावजींचं काय?"

"त्यास्नी कुटं आपन लिव्हून दिलंय? त्यांनी लिव्हून दिलंय." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "हिची परीक्षा फी भरायचीय पुढल्या म्हैन्यात. तेवढाच हातभार."

करार दोघांचा असतो, हे वाक्य माझ्या जिभेवर होतं. तीन महिन्यांपूर्वी मी ते एका गुडघेदुखीच्या माणसाला ठणकावून सांगितलं होतं. अण्णांच्या पाठीवर पोत्याचे वळ उठले होते. फी माझी होती. मी वही उघडली आणि वाचत असल्यासारखी बसून राहिले. पोराने भिंतीला खिळे ठोकले.

एक एप्रिलला कडी वाजली. टक, टक, टक. दारात मीच गेले. काकांनी खिडकीतून आत गेलेली पांढरी वायर पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. माझ्या हातात कार्ड होतं. का घेऊन गेले होते, कोण जाणे. त्यांनी ते घेतलं, जून ते मार्चची दहा भोकं अंगठ्याने चाचपली आणि परत दिलं.

"काका, तुम्ही बांधलेले होता तर आम्हीपण..." मी म्हणाले.

"न्हाई गं," ते म्हणाले. "गाडीनं मधीच रस्ता बदलायचा नसतो. पाशिंजर मधीच उतरला तर त्याला आडवायचं नसतं. दार उघडायचं आन् घंटी मारायची." त्यांनी हवेत पंच दोनदा वाजवला, जसा कंडक्टर दोनदा दोरी ओढतो, आणि पुढच्या घराकडे गेले. पुढच्या घरावरही पांढरीच वायर होती.

एकतीस मेपर्यंत त्यांनी केबल चालू ठेवली. शेवटी नऊ घरं उरली होती असं म्हणतात. नऊ घरांचे पैसे घ्यायचे आणि नगरला एकशे बाराचे भरायचे. एक जूनला त्यांनी डिश उतरवली आणि मोडीच्या भावाने विकली. ऑगस्टमध्ये पांढऱ्या वायरचा दर चाळीसचा नव्वद झाला, दिवाळीला एकशे वीस. दर वेळी दाराच्या फटीतून छापील चिठ्ठी यायची, तीही महिना निम्मा सरल्यावर. अण्णा मला ती वाचायला लावायचे आणि म्हणायचे, "काय करनार." दाखवायला आमच्याकडे त्यांचं कुठलं कार्ड नव्हतं.

साळवेकाका मग बसस्टँडजवळच्या सायकल स्टँडवर बिल्ले द्यायला बसू लागले. मी शिकवण्या घ्यायला लागले होते. पहिले पैसे मिळाल्यावर एप्रिल आणि मेचे एकशे वीस रुपये घेऊन मी त्यांच्याकडे गेले. त्यांनी ते माझ्या मुठीत परत कोंबले.

"बसलीच न्हाईस तर तिकीट कशाचं?"

"मग मला बरं कसं वाटेल काका?"

"त्ये मला न्हाई म्हाईत," ते म्हणाले. राग नव्हता आवाजात. मला वाटतं, त्यांना खरंच माहीत नव्हतं. मग एक सायकलवाला आला आणि ते बिल्ला शोधू लागले.

गेल्या हिवाळ्यात ते गेले. छातीत कफ झाला होता, चार दिवस सरकारी दवाखान्यात होते. ख्रिस्ती कब्रस्तानात फार माणसं नव्हती. आठवड्याने मी काकूंना भेटायला गेले. नळावर टोमणा मारणाऱ्या काकू आता माझा हात धरून बसल्या. त्यांनी बायबल आणलं आणि त्यातून एक चौकोनी घडी काढून मला दिली. माझ्याच अक्षरातली ओळ होती: 'सर्व ग्राहकांस कळविण्यात येते की'. खाली सगळा कागद कोरा.

"टाकू दिला न्हाई त्यांनी," काकू म्हणाल्या. "म्हनायचे, शिकावं तर या पोरीवानी. मला खोटा व्हन्यापासनं वाचवलं तिनं." मग जरा थांबून त्यांनी विचारलं, "शेवटपत्तुर नऊ घरं हुती न्हवं? मी लई इचारलं, कोन ऱ्हायलं, कोन गेलं. उतरलेल्या मानसाचं नाव घ्यायचं न्हाई म्हनायचे. पर तुमी हुताच न्हवं गं?"

मी मान खाली घातली. काकूंना ती होकाराची वाटली. त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि चहा ठेवायला उठल्या. तो चहा मी प्यायले.

त्यानंतर मी त्यांच्या दारावरून जायचं टाळते आहे. हे सगळं नीट लिहिता आलं आहे की नाही, मला कळत नाही, पण येत्या रविवारी ते घेऊन मी काकूंकडे जाणार आहे. त्यांना आता बारीक अक्षर दिसत नाही, मलाच वाचून दाखवावं लागेल. वाचताना धीर सुटला तर म्हणून आमचं पिवळं कार्डही बरोबर घेते आहे. ते मी त्यांच्या हातात देईन. भोकं बोटांना कळतात. दहा झाली की पुढे कार्ड सपाट लागतं.