मानाची खुर्ची

आमच्या मामंजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, आगगाडीचा भारी राग. घंटा झाली की ती लहानथोर न बघता सगळ्यांना घेऊन एकदमच सुटते, हा तिचा गुन्हा. म्हणून ठाण्याला नणंदेकडे जायचं तर कल्याण बंदरावरून खाडीतून शिडाच्या मचव्यानेच.

मचव्यात मान मिळायचा. जादा भाडं देणाऱ्याला खुर्ची, खुर्चीवर छत्री. शिवाय दोन खलाशी त्याला चिखलातून उचलून नेत आणि तो बसेपर्यंत दुसऱ्या कुणी चढायचं नाही.

मामंजी झोकात चढले. पण भरतीला अजून अवकाश होता, मचवा रुतलेलाच. आम्ही सासू-सुना काठावर चिंचेच्या सावलीत दशम्या खात बसलो आणि मामंजी तिकडे मानाने तापत बसले. उतरतील कसे? मान जाईल ना! मला हसू आवरेना, पण सुनेने हसायचं कुठे?

सासूबाईंनी मचवा हाकणाऱ्या तांडेलाला विचारलं, "अरे, खुर्ची इतकी कडेला कशाला बांधलीस?"

"तिकडं वजन लागतंय, आई. नायतर मचवा कलंडतो."

परतताना मामंजी लेकीकडेच राहिले. तांडेलाने रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं आणि मिठाची एक गोण मागवली. त्याच दोन खलाशांनी ती अलगद चिखलातून नेली, खुर्चीत बसवली, वर छत्री उघडली. मी चढायला पाऊल उचललं, तोच सासूबाईंनी माझा दंड धरला.

"थांब गं. आधी त्यांना नीट बसू दे."