चवीपुरतं म्हणजे किती

आमच्या दुकानात तराजू आणि वजनकाटे दुरुस्त होतात. भाजीवाल्याचा काटा येतो, औषधवाल्याचा येतो, सोनाराचा येतो. काटा खरा झाला की त्याला सील मारायचं आणि कागदावर शिक्का उठवायचा, हे माझं काम. काटा खरा झाला की नाही हे ठरवायचं काम मिलीग्रॅमचं. हे नाव त्याला मीच ठेवलं आणि पहिल्याच दिवशी चिकटलं. तो प्रमाणाची वजनं चिमट्याने उचलतो, कारण बोटाच्या घामानेही वजन वाढतं. दुकानातल्या घड्याळाला तो आठवड्यातून एकदा चावी देतो आणि चार सेकंद मागे पडल्याबद्दल त्याच्याकडे नाराजीने बघतो. अशा माणसाशी मी चौदा वर्षं समोरासमोर बसून काम केलंय, तेव्हा माझा स्वभाव चिडका झाला असेल तर त्यात माझा दोष नाही.

त्याची बायको लग्नाच्या अकराव्या वर्षी घर सोडून गेली. भांडण झालं नाही. भांडायला चूक लागते आणि मिलीग्रॅम चूक करत नाही, हीच तर तक्रार होती. तो रोज जेवायला बसायचा, पहिला घास घ्यायचा आणि नोंद केल्यासारखं सांगायचा, आज मीठ किंचित जास्त आहे. किंवा किंचित कमी आहे. रागाने नाही, काट्यातला फरक गिऱ्हाइकाला सांगावा तसं. मग सगळं ताट स्वच्छ करायचा. बायको आठ वर्षांच्या मुलीला घेऊन गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेली. जाताना एवढंच म्हणाली, की मला रोज रोज तपासून घ्यायचा कंटाळा आलाय.

मुलगी शनिवारी त्याच्याकडे मुक्कामाला येणार असं ठरलं होतं. पहिल्या शनिवारी त्याने तिला पाव आणि जॅम दिला. दुसऱ्या शनिवारी पाव आणि दुसऱ्या चवीचा जॅम. तिसऱ्या शनिवारी बाहेरून काहीतरी आणलं आणि रविवारी पोरीचं पोट बिघडलं. मग तिच्या आईने स्पष्ट सांगितलं, मुक्काम करायचा तर घरात शिजलेलं दे. महिनाभरात शीक, मी एक शनिवार बघते. नाही जमलं तर रविवारी बागेत तासभर भेट, बास.

हे त्याने मला जेवणाच्या सुट्टीत सांगितलं. समोर त्याचा डबा होता, त्यात पाव होता. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं का, ते मी बघितलं नाही. मुद्दामच बघितलं नाही.

मी म्हटलं, अरे त्यात काय, मी शिकवते. इतकं अविचारी वाक्य मी आयुष्यात दुसरं उच्चारलेलं नाही.

भात आणि बटाटा-वाटाण्याचा रस्सा एवढंच ठरवलं. मी तोंडी सांगायचं, त्याने वहीत लिहायचं. पहिल्या दिवशी मी सांगितलं, कांदा गुलाबी होईपर्यंत परत. दुसऱ्या दिवशी तो करपलेलं भांडं पिशवीत घालून दुकानात घेऊन आला. म्हणाला, कांदा पांढरा होता, मग पिवळा झाला, मग तपकिरी, मग काळा. मी सबंध वेळ समोर उभा होतो. गुलाबी मध्ये कुठेच नव्हता. मी त्याला वेड्यात काढलं. घरी जाऊन स्वतः कांदा परतला आणि नीट बघितलं. तीस वर्षं कांदा परततेय, तो कधीच गुलाबी झालेला नाही. हे मी त्याला आजतागायत कबूल केलेलं नाही.

मग आच मंद म्हणजे किती. बटाट्यात सुरी सहज जायला हवी, तर सहज म्हणजे किती जोराने. तेल तापलं की नाही हे कळतं, ते कोणाला कळतं. माझ्या नाकी नऊ आले. आणि शेवटी मीठ.

"चवीपुरतं," मी म्हटलं.

"चवीपुरतं म्हणजे किती?"

"म्हणजे अंदाजाने. चिमूट चिमूट घालायचं आणि चाखून बघायचं."

त्याने सोनाराचा काटा पुढे ओढला, मिठाची पुडी सोडली आणि मला दहा चिमटी घ्यायला लावल्या. प्रत्येक चिमूट वेगळी मोजली. दहाही वेगळ्या भरल्या. सातवी तर पहिलीच्या दुप्पट होती, कारण तोवर माझं डोकं फिरलं होतं. त्याने आकडे माझ्यासमोर ठेवले आणि अत्यंत आदराने सांगितलं, "ताई, तुमच्या चिमटीला मी सील देऊ शकत नाही."

मी हात टेकले. माझ्या घरच्या रश्शाचं मीठ मोजून आणलं, भांड्यातल्या रश्शाचं वजन करून आणलं, आणि त्याने त्रैराशिक मांडून दोन माणसांसाठी आकडा काढला. पाच पूर्णांक दोन ग्रॅम. त्या दिवशी तो पहिल्यांदा हसला. एक भंगारात निघालेला काटा त्याने दुरुस्त करून घरी नेला, ओट्यावर ठेवला आणि तीन आठवडे रोज तोच रस्सा केला. एकदा मला चाखायला आणला. चांगला होता. त्याचं मला फार वाईट वाटलं, कारण माझ्यापेक्षा बरा होता.

शनिवारचं मला सोमवारी कळलं. त्याने ते जराही मीठमसाला न लावता सांगितलं, तसंच मीही सांगते.

मुलगी संध्याकाळी आली. रस्सा शिजत होता. त्याने हात धुऊन, पुसून, पाच पूर्णांक दोन ग्रॅम मीठ मोजलं. तेवढ्यात पोरीने विचारलं, की माझी उशी कुठेय. तो उशी शोधायला आत गेला. उशीचा अभ्रा उलटा होता, तो सुलटा केला. परत येऊन गॅस बंद केला, ताटं घेतली, भात वाढला, रस्सा वाढला.

स्वतः जेवलाच नाही, पोरीकडे बघत बसला. तिने पहिला घास घेतला. पाणी प्यायली. दुसरा घास घेतला, पुन्हा पाणी. काही बोलेना. त्याने विचारलं, कसं झालंय. ती ताटाकडे बघत राहिली. त्याने पुन्हा विचारलं. तिने मान खाली घालून बटाट्याची फोड तोंडात घातली. एरवी शाळेतून घरापर्यंत जिची टकळी बंद होत नाही, ती पोर मिठाची गुळणी धरून बसली. बाबाला वाटलं, संपलं सगळं, आता रविवार आणि बाग.

तिसऱ्यांदा विचारल्यावर ती म्हणाली, "आईने सांगितलंय, बाबा देईल ते खायचं. कसं झालंय ते बोलायचं नाही."

"का?"

"आई म्हणाली, वाईट वाटतं."

हे सांगताना मिलीग्रॅम थांबला. हातातलं वजन त्याने मखमलीच्या खाचेत ठेवलं, मग उगाच पुन्हा उचललं. चिमटा न घेता, बोटांनी उचललं. चौदा वर्षांत मी हे बघितलं नव्हतं.

पोरीचं ते ऐकल्यावर त्याने स्वतः पहिला घास घेतला. रस्सा अळणी होता. मान वळवून बघितलं, तर ओट्यावर काटा चालूच होता. पारड्यात पाच पूर्णांक दोन ग्रॅम मीठ जसंच्या तसं. पोरीने त्या अळणी रश्शाशी अर्धं ताट संपवलं होतं.

त्याने पारडंच उचलून ताटाशेजारी आणून ठेवलं. पोरीने दोन बोटांनी मीठ घेतलं, भुरभुरवलं, चाखलं, पुन्हा थोडं घेतलं. मग तोंडावर हात ठेवून त्याच्याकडे बघितलं. तो म्हणाला, बोल, मला चालेल. ती म्हणाली, आता छान झालंय. ते ऐकून आपल्याला रडू आलं, असं त्याने मला सरळ सांगितलं. मी सीलची तार कापत होते, कापत राहिले.

रविवारी सकाळी आई न्यायला आली. दारातच उभी राहिली. त्याने तिला आधी अहवाल दिला, की मीठ राहिलं होतं, चूक माझी, पण हिने तोंडातून अक्षर काढलं नाही. मग म्हणाला, "मी अकरा वर्षं रोज बोललो."

ती पोरीच्या दप्तराचा पट्टा बराच वेळ नीट करत राहिली.

"रोज नाही," ती म्हणाली. "मी माहेरी गेले की नाही बोलायचास."

मी विचारलं, मग पुढे काय, मुक्कामाचं काय ठरलं. मिलीग्रॅमने खिडकीतून येणारा वारा अडवायला काट्यावर काचेचं झाकण ठेवलं आणि आकडा स्थिर व्हायची वाट बघितली.

"पुढच्या शनिवारी साधारण सहाला सोडते म्हणाली," त्याने सांगितलं. "साधारण म्हणजे किती, ते मी विचारलं नाही."