बुजवलेल्या खिडक्या

ती घटना आजही मनातून जात नाही. थंडीत कुठं कोळशाची शेगडी पेटलेली दिसली की माझी नजर आधी खिडकी शोधते.

मी तेव्हा पिंपरीकडच्या एका ठाण्यात फौजदार होतो. कारखान्यांमागोमाग वस्त्या वाढल्या होत्या. गटार नाही, धड रस्ता नाही, पाण्यावरून रोजची भांडणं. या कामांना पैसा हवा म्हणून नगरपालिकेनं घरपट्टीची नवी आकारणी काढली. नळ सगळ्यांना हवा, पट्टी मात्र शेजाऱ्यानं भरावी, अशी आपली रीत!

एका दुपारी खबऱ्या आला. "साहेब, वस्तीतल्या मराठवाड्याच्या एका कामगारानं आईला कोंडून मारलं. सगळी गल्ली तेच सांगतेय, कालच दोघांचं कडाक्याचं भांडण झालं होतं."

हवालदाराला घेऊन पोचलो. मागच्या खोलीत खाटेवर म्हातारी मरून पडलेली, शेजारी शेगडी. अंगावर जखम नाही. पण खोलीची एकुलती खिडकी विटामातीनं बुजवलेली, माती अजून ओली. दाराच्या बाहेर कपाट ओढल्याच्या खुणा. पंचनामा करतानाच हवालदार म्हणाला, "साहेब, खूनच हाय ह्यो."

मलाही तेच वाटलं. ठाण्यात मुलाला समोर बसवलं.

"खिडकी कुणी बुजवली?"

"म्या."

"दारापुढं कपाट?"

"म्याच."

"का?"

यावर तो गप्प. दरडावलं, चहा पाजला, तरी मान वर करेना. जीव वाचवायला माणूस खोटं तरी बोलतो. हा काहीच बोलेना, तिथं मला शंका आली.

सकाळी पुन्हा वस्तीत गेलो आणि घरांच्या मागच्या अंगानं चालू लागलो. बघतो तर काय! ओळीनं प्रत्येक घराची मागची खिडकी तशीच ताज्या मातीनं बुजवलेली. त्या मुलाच्या शेजारी गॅरेजवाले चाचा राहत. त्यांना विचारलं, तर ते रडायलाच लागले. "पट्टीवाले मोजायला येणार होते, साहेब. मागची खोली दिसली नाही तर पट्टी कमी बसते. सगळ्यांनीच केलं."

ठाण्यात येऊन मुलाला म्हटलं, "बाबा, मी सगळ्यांच्या खिडक्या बघून आलोय."

तेव्हा त्याचा बांध फुटला. "मायला चालवत नव्हतं. मी म्हणलो, माय, तुला चाचाच्या घरी नेऊन ठेवतो. ती म्हणली, या गारठ्यात हलवू नको, शेगडी दे, गप पडून राहते. त्यावरून भांडलो, साहेब. मग सकाळी कपाट लावलं. मोजणारे लवकर आलेच नाईत. मी हाक मारली, माय, बरी हाईस का? तर म्हणली, गप रं, ऐकतील. पुढल्या हाकेला बोललीच नाई. मला वाटलं, ठरल्यापरमाणं गप हाय."

"काल का नाही सांगितलंस?"

"अख्ख्या गल्लीची पट्टी वाढली असती."

आणि त्याच गल्लीनं त्याला खुनी ठरवलं होतं.

कोळशाच्या धुरानं गुदमरून मृत्यू, असंच शवविच्छेदनात निघालं. अपघाती मृत्यूची नोंद करून आम्ही त्याला सोडलं. गप्प बसलेल्या माणसाला गुन्हेगार समजण्याची घाई मी पुढं कधी केली नाही.

काही दिवसांनी फेरमोजणीच्या बंदोबस्ताला मी त्याच गल्लीत होतो. बाकीच्या खिडक्या अजून बुजवलेल्याच. त्यानं मात्र विटा काढून टाकल्या होत्या. मोजणीवाला पुढच्या खोलीवरूनच परत फिरत होता, तर यानं त्याचा हात धरला.

"ही बी खोली धरा, साहेब. इथं माझी माय राहत होती."