पहिलीतल्या मोठ्या मुली

माझं माहेर जळगावजवळचं असोदा आणि सासर धुळ्याचं, देवपुरातलं. माहेरी केळी, सासरी शिलाई मशीन. दोन्हींतलं मला चांगलं कळतं असं मीच सांगते, कारण दुसरं कोणी सांगायला येत नाही. घराच्या पुढच्या खोलीत मी आणि माझी नणंद शाळांचे गणवेश शिवतो. मी तिला ताई म्हणते, ती मला वहिनी. दिवसातून एकदा तरी भांडतो, आणि मग चहा होतो.

माझा धाकटा भाऊ शेतात ठिबकच्या नळ्या टाकायचं काम शिकला आणि त्या कामावर थेट आफ्रिकेत गेला. ज्या देशात गेला तिथे वर्षानुवर्षं आपसातलीच लढाई चालली होती आणि ती नुकतीच थांबली होती. उजाड झालेल्या बागांत पुन्हा केळी लावायची होती. आईनं त्याच्या बॅगेत कळण्याच्या भाकरीचं पीठ कोंबलं आणि मनसोक्त रडून घेतलं.

काही महिन्यांनी त्याचा फोन आला. तो राहतो त्या गावातली शाळा पुन्हा उघडतेय, गणवेश हवेत. गावातल्या शिंप्यांची मशीनं लढाईत लुटली गेली, बाजार आता कुठे भरायला लागलाय. मदत देणाऱ्या लोकांनी खर्च मंजूर केला होता आणि माझा भाऊ "माझी बहीण शिवते" असं सांगून मोकळा झाला होता. मला न विचारता. त्याचा स्वभावच तो.

मापं त्यानं फोनवर बोलून पाठवली. पहिलीच्या मुली, असं म्हणून त्यानं जे आकडे सांगितले ते ऐकून ताईनं मशीन थांबवलं.

"वहिनी, ह्या पहिलीन्या पोरी शेतस, का पोरीस्न्या माय?"

यानं मास्तरणींची मापं घेतली, अशी माझी खात्रीच पटली. आयुष्यभर पहिलीचे गणवेश शिवलेल्या बाईला कोणी शिकवायचं कारण नव्हतं. मी माझ्या अंदाजानं एक नमुना शिवला, शेजारच्या चिमुरडीला घातला, फोटो काढला आणि खाली लिहून पाठवलं, "पहिली एवढी असते."

तो वाद घालत बसला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यानं व्हिडिओ कॉल लावला आणि फोन वर्गाकडे फिरवला.

नव्या पत्र्याखाली पहिलीचा वर्ग बसला होता. पुढे शेंबडी पोरं, पण मागे, मागे म्हणजे अर्धा वर्ग, माझ्या उंचीच्या पोरी आणि मिसरूड फुटलेले पोरगे. गुडघे बाकात मावत नव्हते. शाळेच्या मोठ्या बाईंनी सांगितलं आणि भावानं मराठीत केलं, की लढाईभर शाळा बंदच होती. तेव्हा जे सहा वर्षांचे होते, ते आता हे असे आहेत. पण अक्षर शिकायचं तर पहिलीतच बसायला हवं. मी तोंडाला पदर लावला. काल पाठवलेला तो फोटो कोणी पाहिला नसेल तर बरं, असं झालं.

कोणी लष्करातल्या बापाचा शर्ट कापून घातला होता, कोणी बंडखोर भावाचा. "शर्टावरून बाजू कळते, आणि बाजू कळली की बाक वेगळे होतात," बाई म्हणाल्या. "म्हणून गणवेशाची घाई." रंगही त्यांना असा हवा होता, जो तिथल्या कुठल्याच झेंड्यात नसेल. तो ठरवायला आमची अख्खी संध्याकाळ गेली, कारण आपल्याकडेही आता एक रंग मोकळा राहिलेला नाही. शेवटी वांग्याच्या फुलावर आमचं एकमत झालं. वांग्यावर अजून कोणी हक्क सांगितलेला नाही.

त्याच कॉलमध्ये ताईला मागच्या बाकावरची एक जण दिसली. विशी ओलांडलेली, मांडीवर तान्हं बाळ, आणि पदरासारख्या फडक्याआड ते पीत होतं. बाई म्हणाल्या, ही फार हुशार आहे, पण गणवेश आले की यायची नाही म्हणते. गणवेशात बाळाला पाजायचं कसं? तिचा नवरा दूरच्या शहरात, पडलेले पूल उभे करायच्या कामावर. तो फोनवर लिहून पाठवतो आणि तिला वाचता येत नाही म्हणून बाई मोठ्यानं वाचून दाखवतात. बाई वाचणार हे ठाऊक असल्यामुळे तो बिचारा फक्त तब्येत आणि पाऊसपाणी लिहायचा. आम्ही दोघी इतक्या हसलो की भाऊ चिडला. पण ती हसली नाही. ती म्हणाली, "मला त्याचं स्वतः वाचायचंय." 

"तिला गणवेशाची सूट देऊ," बाईंनी सुचवलं.

"काही नको सूट!" ताई फोनमध्ये शिरायचीच बाकी होती. "तिले एकलीले निराळी बसाडशात, तर ती दोन दिवसमा घर बठी जाई."

बाळंतिणीचे कुर्ते आम्ही शिवतो. छातीवर दोन उभ्या चुण्या आणि चुणीच्या आत दडलेली चेन. तिला तसा शिवून देते, मी म्हटलं. ताई म्हणाली, मग बठ्ठ्यास्ले तसाच शिव. मी म्हटलं, सगळ्यांना? डोकं फिरलंय का तुमचं, लहान पोरी दिवसभर चेन वरखाली करत बसतील. त्यावर आमचं कडाक्याचं भांडण झालं आणि चहासुद्धा झाला नाही.

रात्रभर मी धुसफुसत होते. सकाळी भाकरी थापताना सुचलं. सगळ्यांना सारख्याच चुण्या, सारखीच चेन. फक्त बाकीच्या मुलींना चेनच्या आत खिसा लावायचा. पोरींच्या गणवेशाला आपण कधी धड खिसा देत नाही. खडू, पेन्सिल, बोरं, काय हवं ते ठेवा. ताईला सांगितलं तर म्हणते, "मी हाईच सांगत व्हती." अजिबात सांगत नव्हती. पण मी जाऊ दिलं, काम पडलं होतं.

गणवेश गेले. शाळा सुरू झाली त्या दिवशीचा फोटो आला, सगळा वर्ग वांग्याच्या फुलासारखा. बाळ फोटोत नव्हतं, आणि त्याची आई कोणती ते आम्हाला ओळखता येईना. ताई चष्मा पुसून पुसून शोधत होती आणि सापडत नाही म्हणून खूश होत होती.

मग दिवाळी आली. आम्ही शेव पाडत होतो, तेव्हा भावाचा कॉल आला. शाळेतूनच. त्या पोरीच्या हातात तिचा फोन होता, बाळ कडेवर, शेजारी मोठ्या बाई. नवऱ्याचं काहीतरी लिहून आलं होतं. ती एकेका अक्षरावर बोट ठेवत होती, ओठ हलत होते, आवाज नव्हता. कढईतली शेव करपायला लागली, तरी आम्ही जागच्या हललो नाही. वाचता वाचता ती मध्येच थांबली, परत पहिल्यापासून वाचलं, आणि कानापर्यंत लाजली.

बाईंनी सवयीनं हात पुढे केला. तिनं फोन पाठीमागे धरला आणि काहीतरी म्हणाली. बाई हसायला लागल्या, वर्ग हसायला लागला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते तेलाच्या धुरानं नव्हतं.

"अरे, काय म्हणाली ती?" ताई भावावर ओरडली.

"म्हणते, मला लिहिलंय, तुम्हाला नाही."