कच्चं पाणी

पंच्याऐंशी-शहाऐंशीच्या सुमारास मी उल्हासनगर कॅम्प एकमध्ये शिवणाच्या कारखान्यात कामाला होते. समोर एका म्हाताऱ्या सिंधी काकांची चहाची टपरी होती. त्यांचं नाव कधी विचारलंच नाही. सकाळी चहाच्या आधी ते पिण्याचं पाणी उकळायला ठेवत. पातेलं खदखदू लागलं की ओठांतल्या ओठांत शंभर आकडे मोजत, मगच स्टोव्ह बंद. न उकळलेल्या पाण्याला ते ‘कच्चं’ म्हणत, जसं आपण भाताला म्हणतो.

एकदा मे महिन्यात मी माझ्या चार वर्षांच्या मुलीला सोबत नेलं होतं. तहानेने ती रडायला लागली. पातेलं नुकतंच स्टोव्हवर चढलं होतं, म्हणून मी शेजारच्या बादलीत पेला बुडवायला गेले. काकांनी माझा हातच धरला.

“कच्चा है, बाई. रुको.”

“अहो, पोर रडतेय! एकदा प्यायल्याने काय होतंय?”

पाणी खदखदायला लागेपर्यंत ते थांबले, मग शंभर मोजले. मग पाणी दोन पेल्यांत वरखाली ओतून निववलं आणि तिच्या हातात दिलं. माझ्याकडे न बघता म्हणाले, “बँटवारे के बाद हम लोग कॅम्प में नये आये, तब मेरी छोटी बहन भी ऐसेच रोती थी. लकडी गीली थी. माँ बोली, एक बार से क्या होता है.”

परवा माझी नात पाण्यासाठी रडत होती. माझ्या मुलीला ते काका मुळीच आठवत नाहीत. पण ती गॅसपाशी उभी राहून ओठांतल्या ओठांत मोजत होती.